दोन इंच लिफ्ट झाली म्हणून तेहतीसचा टायर बसेलच असं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २०१९ ची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २.५ लिटर, मॅन्युअल. पुढे स्पेसर (शॉक-स्प्रिंगच्या वरची जाड चकती) आणि मागे लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी पट्टी) लावून दोन इंच लिफ्ट करून झाली आहे. टायर अजून कंपनीचेच, २५५/६० आर १८. आता १७ इंची रिम घेऊन २८५/७० आर १७ घालायचे मनात आहे. दुकानदार म्हणतो, "लिफ्ट आहे ना साहेब, आरामात बसतील." गाडी चिपळूणला असते, कुंभार्ली घाटातून कराडला नेहमीचं जाणं-येणं, आणि हंगामात हौद्यात आंब्याच्या पेट्या, खताची पोती. टायर बसतील का, आणि बसले तर आणखी काय बदलावं लागेल?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. २८५/७० घालू नका. २६५/७० आर १७ घाला. आणि तेही घालण्याआधी केलेली लिफ्ट पुन्हा एकदा उघडून नीट करून घ्या, कारण तुमच्या वर्णनावरून खरा गोंधळ टायरमध्ये नाही, तिथे आहे.

दुकानदार खोटं बोलत नाहीये. उभ्या गाडीला २८५ बसतील, फोटोही झकास येईल. पण लिफ्टने टायरला जागा मिळते हा समज निम्माच खरा आहे. लिफ्ट केली की बॉडी चाकापासून वर जाते, ती गाडी सपाट जमिनीवर उभी असताना. चाक खड्ड्यातून उसळून वर येतं तेव्हा ते कुठवर यायचं हे ठरवतो बंप स्टॉप, म्हणजे तो रबरी गुटका. लिफ्ट करताना तो गुटका सहसा कोणी हलवत नाही. त्यामुळे पेट्या भरलेल्या हौद्यानिशी गतिरोधकावर आदळलात, की चाक मडगार्डच्या आत पूर्वी जितकं शिरायचं तितकंच आजही शिरणार. फरक इतकाच की तिथवर पोचायची वेळ कमी वेळा येईल. आणि जेव्हा येईल तेव्हा आत शिरणारं चाक आधीपेक्षा मोठं असेल.

किती मोठं, ते मोजू. टायरवरचा पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची, तिसरा रिम इंचांत. २५५/६० आर १८ चा व्यास येतो ७६३ मिलिमीटर, साधारण तीस इंच. (सुरुवातीच्या व्ही-क्रॉसना १७ इंची रिमवर २५५/६५ यायचे, त्यांचाही व्यास ७६३ च. रिम वाढली, टायर नाही.) २६५/७० आर १७ म्हणजे ८०३ मिलिमीटर. २८५/७० आर १७ म्हणजे ८३१, जवळजवळ ३३ इंच, म्हणून यालाच सगळे 'तेहतीस' म्हणतात. तुलनेसाठी सांगतो, टोयोटा हायलक्सला भारतात कंपनीकडूनच २६५/६० आर १८ मिळतात, त्यांचा व्यास ७७५.

व्यास वाढला त्याच्या निम्मीच उंची चाकाच्या मध्याला मिळते. म्हणजे २६५/७० ने तुमची आखी २० मिलिमीटर वर जाईल, २८५/७० ने ३४. ही उंची महत्त्वाची का? कारण मागचा डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गोळा, आखीलाच आहे. स्प्रिंगने गाडी कितीही उचला, मागचा डिफरन्शियल जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही. तो फक्त टायरने वर जातो. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असल्याने डिफरन्शियल चासीबरोबर वर येतो, पण खालच्या आर्मचं चाकाकडचं टोक तसंच खाली राहतं. म्हणून लिफ्ट आणि टायर ही एकाच कामाची दोन साधनं नव्हेत. लिफ्टने पोट आणि पुढचं-मागचं नाक सुटतं, टायरने आखी सुटते. बागेच्या रस्त्यात मधला उंचवटा मागच्या गोळ्याला घासत असेल तर तुमचा दोन इंच लिफ्टचा खर्च त्या कामी आलेलाच नाही.

२६५ आणि २८५ मध्ये आखीला मिळणारा फरक १४ मिलिमीटरचा. त्या १४ मिलिमीटरसाठी काय मोजावं लागतं ते पुढे येतंच.

आता टायर लागतो कुठे. सरळ रस्त्यावर कुठेच नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या चाकाची मागची कड मडगार्डच्या मागच्या-खालच्या कोपऱ्याकडे जाते. तिथे आधी मडफ्लॅप, मग प्लास्टिकचा लायनर, लायनरमागे दोन पत्र्यांची शिवण, आणि आतल्या बाजूला केबिनचा बॉडी माउंट. २६५/७० ला बहुतेक वेळा मडफ्लॅप काढून आणि लायनर हीटगनने तापवून मागे दाबला की भागतं. २८५/७० ला ती पत्र्याची शिवण हातोडीने चपटी करावी लागते, आणि कित्येक गाड्यांत बॉडी माउंटचा कोपरा कापून पुन्हा वेल्ड करावा लागतो. माउंटवर केबिन बसलेली असते. तो कापायचं काम मी कोकणातल्या गाडीला सहसा सुचवत नाही. चिपळूणच्या पावसात उघड्या वेल्डवर गंज चढायला फार वेळ लागत नाही, आणि लायनरच्या मागे तो तुम्हाला दिसतही नाही. शिवण चपटी केलीत तरी तिथे प्राइमर, मग सीलर, मग रंग, हे तिन्ही झालंच पाहिजे.

लिफ्टमुळे इथे आणखी एक गंमत होते. स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी उचलली की कॅस्टर कमी होतो, म्हणजे चाकाच्या फिरण्याच्या अक्षाला जो मागे कल असतो तो उभा होत जातो. याची खूण सोपी आहे: वळणानंतर स्टिअरिंग आपसूक मध्यावर यायला आळस करतं, आणि महामार्गावर गाडी सतत सांभाळत राहावी लागते. कॅस्टर परत मिळवताना खालचा बॉल जॉइंट पुढे सरकवला तर चाकही जरा पुढे येतं आणि मागच्या कोपऱ्यात जागा होते. पण पुढे बंपर आहे. कंपनीच्या वरच्या आर्मवर दोन इंच लिफ्टनंतर कॅस्टर पुरेसा मिळेलच असं नाही, म्हणून बदली अपर कंट्रोल आर्म मिळतात. त्यांचा बॉल जॉइंट जास्त कोनात चालतो, आणि कॅस्टर त्यांच्या घडणीतच वाढवलेला असतो. लिफ्टच्या बहुतेक किटमध्ये हे आर्म नसतात. ते 'ऐच्छिक' म्हणून वेगळे विकले जातात. माझ्या मते ते टायरच्या आधीचा खर्च आहेत.

तुमच्या स्पेसरकडे येऊ. स्पेसर दोन जातींचे. एक शॉकअॅब्सॉर्बर-स्प्रिंगच्या जोडाच्या डोक्यावर, चासी आणि वरच्या माउंटच्या मध्ये बसतो. दुसरा जोड उघडून स्प्रिंग आणि तिच्या वरच्या वाटीच्या मध्ये बसतो. कुठला लावलाय हे दुकानात विचारा. माहीत नसेल तर पुढचं चाक काढून स्वतः बघा. डोक्यावर काळ्या रंगाची अॅल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची चकती उघडी दिसत असेल तर पहिली जात.

डोक्यावरचा स्पेसर २५ मिलिमीटरचा असला की चाकाशी उंची मिळते साधारण ५० मिलिमीटर, कारण शॉक खालच्या आर्मवर चाकापासून बराच आत बसतो. ज्यांना हे ठाऊक नसतं ते 'दोन इंच लिफ्ट' म्हणून दोन इंच जाडीचा स्पेसर लावून देतात, आणि चाकाशी चार इंच होतात. मग सीव्ही जॉइंट, म्हणजे पुढची चाकं फिरवणाऱ्या दांड्यांचे सांधे, अशा कोनात जातात की रबरी बुटाच्या चुण्या एकमेकींवर घासून फाटतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर, चिखल आत. तर आधी मोजा: चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उभं अंतर, चारही बाजूंना. लिफ्ट न केलेली दुसरी व्ही-क्रॉस मिळाली तर तिचंही मोजा. पुढे ५० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर स्पेसर बदलल्याशिवाय टायरचा विषय काढू नका.

जाडी बरोबर असली तरी डोक्यावरच्या स्पेसरला एक खोड आहे. सगळा शॉक तेवढा खाली सरकतो. चाक पूर्ण वर आलं की बंप स्टॉप लागायच्या आधी शॉकच आतल्या आत तळाला टेकतो. भरल्या गाडीने खड्ड्यात 'धप्प' ऐवजी 'टण्' असा आवाज आला तर तो हा. चाक हवेत लटकलं की उलट होतं. आर्म ठरल्यापेक्षा खाली जातो, वरचा बॉल जॉइंट आणि सीव्ही दोघेही टोकाला. स्प्रिंगवरच्या स्पेसरने शॉकची लांबी तीच राहते, पण खाली जायची चाल कमी होते. गतिरोधकावरून उतरताना पुढून 'ठक' असा आवाज येतो, लोक बुश गेले म्हणून बुश बदलत बसतात.

शोभेसाठी लिफ्ट असती तर स्पेसरवर मी एवढं लिहिलं नसतं. तुम्ही माल वाहता आणि घाट चढता. तुम्हाला पुढे नवी स्प्रिंग आणि तिच्या मापाचा शॉक, मागे नवे पाटे आणि शॉक हवेत. ऑस्ट्रेलियन आणि थाई बनावटीचे पूर्ण संच डी-मॅक्ससाठी मिळतात, कारण ही गाडी त्या दोन्ही देशांत पोत्यांनी विकली जाते. मागचे पाटे घेताना दुकानदाराने एक प्रश्न विचारलाच पाहिजे: हौद्यात कायम किती वजन असतं? रिकामी, कायम दोन-तीनशे किलो, किंवा त्याहून जास्त, असे वेगवेगळ्या ताकदीचे पाटे येतात. न विचारता सगळ्यात कडक पाटे देणारा भेटला तर रिकाम्या गाडीला तुमचं मागचं चाक घाटातल्या खडबडीत वळणावर उड्या मारेल. हंगामापुरताच माल असेल तर मधल्या ताकदीचे पाटे आणि हंगामात वेग कमी, हा सौदा बरा.

लांब शॅकलने पाट्याची ताकद वाढत नाही, फक्त गाडीची शेपटी वर जाते. शिवाय पाटा तिरका होतो, त्याबरोबर आखीही किंचित फिरते, आणि प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या आखीला जोर पोचवणाऱ्या लांब दांड्याचा, कोन बदलतो. व्ही-क्रॉसचा शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये सेंटर बेअरिंग. गाडी पहिल्या गिअरवर सुटताना सीटखाली थरथर जाणवायला लागली असेल तर ती क्लचची नाही, याची आहे. पाटे बदलताना शॅकल परत कंपनीच्याच लावा. पाटे आखीला आवळणारे यू-बोल्ट मात्र नवेच. ते एकदा ताणले की पुन्हा तसे ताण धरत नाहीत. पाचशेएक किलोमीटर झाले की गाडी जमिनीवर उभी असताना पुन्हा टॉर्क द्यायचा.

मागच्या ब्रेकचंही बघा. काही पिकअपमध्ये मागच्या आखीपासून चासीवरच्या व्हॉल्व्हपर्यंत एक बारीक दांडी असते. हौदा भरला, गाडी बसली, की ती दांडी व्हॉल्व्हला सांगते की मागचा ब्रेक वाढव. गाडी उचलली की व्हॉल्व्हला वाटतं हौदा कायम रिकामाच आहे. अशी दांडी असेल तर तिचा ब्रॅकेट लिफ्टइतका वर घ्यावा लागतो. ब्रेकची लवचीक नळी आणि एबीएसची वायर चाक पूर्ण लटकलेलं असताना ताणली जात नाही ना, हे जॅकवर हाताने चाचपून पाहायचं.

आता रिम. जिथे बहुतेकांची गफलत होते ती ही जागा. व्ही-क्रॉसला सहा बोल्टची, १३९.७ मिलिमीटर पीसीडीची (बोल्टच्या वर्तुळाच्या व्यासाची) रिम लागते. बाजारात तशी ढिगाने मिळते. बोल्ट जुळले म्हणजे रिम जुळली असं नाही. मधल्या भोकाचं माप हबला जुळतं का ते पाहा, आणि ईटी म्हणजे ऑफसेट पाहा, रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये. ईटी जितका कमी, तितकं चाक बाहेर.

हिशेब करून दाखवतो. समजा जुनी रिम ७ इंच रुंद आणि ईटी ३३, नवी ८ इंच आणि ईटी २०. रुंदी एक इंच वाढली म्हणजे दोन्हीकडे १२.७ मिलिमीटर. ऑफसेटने १३ मिलिमीटर बाहेर. बाहेरची कड २५.७ मिलिमीटर बाहेर जाते, आतली कड जवळजवळ जागची हलत नाही. हे छान. आता तीच ८ इंची रिम ईटी शून्यची घेतली तर बाहेरची कड ४५.७ मिलिमीटर बाहेर. चाक जितकं बाहेर, तितकं वळताना त्याचं वर्तुळ मोठं, आणि तोच टायर ईटी २० वर ज्या कोपऱ्याला शिवत नव्हता तिथे ईटी शून्यवर घासतो. 'टायर मोठा आहे म्हणून घासतो' अशा कित्येक तक्रारींत दोष टायरचा नसतो, रिमचा असतो. वर हब बेअरिंगवर भार वाढतो, आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देतं. रिमच्या जोडीला हबवर चकत्या लावून चाक आणखी बाहेर काढायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकून सोडून द्यायचा.

२८५ टायर ८ इंची रिमवर २६५ पेक्षा २० मिलिमीटर रुंद, म्हणजे वर काढलेला सगळा हिशेब दोन्हीकडून आणखी दहा-दहा मिलिमीटरने बिघडतो. रुंदीचा कोकणात फार फायदाही नाही. तुमच्याकडे जांभ्यावर लाल चिखलाचा थर असतो, खाली कडक. तिथे अरुंद टायर चिखल कापत खालच्या कडक थरापर्यंत जातो आणि पकड घेतो. रुंद टायर वरच तरंगतो. वाळूत किंवा खोल दलदलीत उलटं. मराठवाड्यातल्या काळ्या मातीला मात्र दोन्ही सारखेच. ती नक्षीत भरली की कुठलाही टायर गुळगुळीत होतो. जाता जाता: २३५/८५ आर १६ चा व्यास ८०६ मिलिमीटर आहे, २६५/७० आर १७ इतकाच, आणि तीन सेंटिमीटरने अरुंद. १६ इंची रिम तुमच्या पुढच्या कॅलिपरवरून मोकळी फिरते का हे पाहून घेतलंत तर शेतावरच्या गाडीला ते माप माझ्या फार आवडीचं आहे. दिसायला सायकलचं चाक वाटतं म्हणून कोणी घेत नाही.

नक्षी ऑल-टेरेन (रस्ता आणि चिखल दोन्हींसाठीची) घ्या, मड-टेरेन (मुख्यतः चिखलाची) नको. कुंभार्लीत पावसात ओल्या डांबरावर ब्रेक मारायचाय, वर्षाकाठी चिखलातले दिवस त्यामानाने थोडे.

व्यास ७६३ वरून ८०३ झाला म्हणजे सव्वापाच टक्के. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा चाकाच्या हिशेबाने १०५. प्रत्यक्षात इतकं वाईट होत नाही, कारण कंपन्या मीटर मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. आंतरराष्ट्रीय नियम असा की मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही, जास्त दाखवला तर चालेल, तोही खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत. त्यामुळे २६५/७० वर बऱ्याच गाड्यांचा मीटर जीपीएसशी जवळपास जुळतो. २८५/७० ला फरक जवळजवळ ९ टक्के होतो. तिथे हे उशी घातलेलं अंतर संपून मीटर कमी दाखवायला लागण्याची शक्यता दाट. एकदा मोकळ्या रस्त्यावर फोनच्या जीपीएसशी ताडून घ्या. किलोमीटरही त्याच प्रमाणात कमी मोजले जातात, म्हणून टायर बदलल्यावर 'अॅव्हरेज पडला' म्हणणाऱ्यांनी आधी आकड्याला १.०५ ने गुणावं. मग जे उरेल तो खरा तोटा. सर्व्हिसही मीटरवर दहा हजार व्हायच्या पाचशे किलोमीटर आधी करायची.

तोटा होतोच. तुमचं २.५ चं इंजिन १३४ बीएचपीचं, ३२० न्यूटन-मीटरचा जोर १८०० फेऱ्यांपासून पुढे. मोठ्या चाकाने सगळे गिअर सव्वापाच टक्क्यांनी लांब होतात. घाटात ज्या वळणावर गाडी तिसऱ्यावर कशीबशी ओढायची तिथे ती आता दुसरा मागेल. हे चालवून घेता येतं. क्लचवर जो भार पडतो तो चढावर भरल्या गाडीने सुटताना पडतो, आणि रिव्हर्सला सर्वात जास्त. बागेतून चढ उलटा काढायचा असेल तर लो रेंज लावायची सवय लावा, गिअर तिथे त्यासाठीच आहे. २८५ ला हीच कसर ९ टक्क्यांची होते, आणि त्याशिवाय जड टायरचं वजन. चांगल्या जाडीचा एलटी (लाइट ट्रक) टायर कंपनीच्या टायरपेक्षा पाचएक किलोने सहज जड असतो, आणि ते वजन फिरतं असल्याने सुटताना आणि थांबताना दोन्हीकडे जाणवतं. ब्रेकची डिस्क तीच, चाकाची त्रिज्या जास्त, म्हणजे त्याच पायाच्या दाबाला ब्रेकचा जोर त्याच प्रमाणात कमी. भरल्या गाडीने कुंभार्ली उतरताना हा फरक कागदावर राहत नाही. खालचा गिअर आधी घ्या, ब्रेक मागून.

ऑस्ट्रेलियात, जिथून हे निम्मे किट येतात, तिथल्या बदलांच्या राष्ट्रीय नियमावलीत पिकअपला कंपनीने नेमलेल्या टायरपेक्षा ५० मिलिमीटरहून मोठ्या व्यासाचा टायर चालत नाही. तुमच्या ७६३ मध्ये ५० मिळवा: ८१३. २६५/७० आत बसतो, २८५/७० बाहेर. ही मर्यादा आपल्याला लागू नाही, पण ज्यांनी या गाड्यांचे हाल सर्वाधिक केलेत त्यांनी रेघ कुठे मारली हे कळतं.

आपला कायदा याहून कडक आहे, फक्त रस्त्यावर तो रोज दिसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सस्पेन्शन लिफ्ट यात येत नाही असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याच्याकडून लेखी घ्या. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरने मोजपट्टी काढली की मग सांगून उपयोग नसतो. पिवळ्या पाटीची गाडी असेल आणि फिटनेसला जायचं असेल तर जुने टायर-रिम विकू नका.

टायर घेतल्यावर घासतो का ते कसं तपासायचं? दुकानाच्या सपाट फरशीवर स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवून 'बघा, लागत नाही' म्हणतात, ती तपासणी नव्हे. पुढचं एक चाक रॅम्पवर किंवा बांधावर चढवा, इतकं की त्या कोपऱ्यात गाडी पूर्ण दबेल. मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. मग उतरून दुसरं चाक. आणि हे सगळं रिव्हर्स घेतानाही. पुढे जाताना टायर मडफ्लॅपला घासून बाहेर ढकलतो, उलट जाताना तोच मडफ्लॅप आत ओढून दुमडतो आणि लायनरचे क्लिप उपटतो. रिव्हर्सला न तपासलेल्या गाड्या हमखास परत येतात. तपासण्याआधी लायनरवर, शिवणीवर आणि बंपरच्या कोपऱ्यावर पाण्यात कालवलेली खडू नाहीतर चुना फासा. जिथे पुसला जाईल तिथे लागतंय. नंतर महिनाभर गाडी वापरा आणि चाक वळवून टॉर्च मारा. मळकट काळ्या प्लास्टिकवर कुठेतरी रुपयाएवढा भाग चकचकीत झालेला दिसेल, कडेला टायरच्या नक्षीच्या बारीक तिरप्या रेघा. तो भाग प्लास्टिकवर असेल तर चालतं. पत्र्यावर किंवा कुठल्या नळीवर असेल तर थांबा आणि आधी ते दुरुस्त करा.

अलाइनमेंट टायर बसवल्यावर करायची, नवी स्प्रिंग थोडी बसली की पुन्हा. छापील कागद मागून घ्या, त्यात आधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही हवेत. नुसतं टो (वरून पाहिल्यास चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) करून 'झालं' म्हणणारे बरेच. कॅस्टर दोन्हीकडे सारखा आणि कंपनीने दिलेल्या कक्षेत आहे का हे तुम्ही स्वतः त्या कागदावर वाचा. त्याच दिवशी हेडलाइटचा झोतही खाली घ्या. नाक वर गेलं की कुंभार्लीच्या वळणावर समोरच्याच्या थेट डोळ्यांत जातो.

हवेचा दाब दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे ठेवून चालणार नाही, तो जुन्या टायरसाठी आहे. एलटी टायरला तेवढाच भार उचलायला जास्त दाब लागतो. स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा पाचएक पीएसआय वर सुरू करा. मग टायरच्या नक्षीवर आडवी खडूची जाड रेघ मारा आणि सरळ सपाट रस्त्यावर शंभरेक मीटर जा. मध्येच पुसली तर दाब जास्त, कडाच पुसल्या तर कमी, एकसारखी पुसली तर बरोबर. रिकाम्या गाडीचा मागचा दाब वेगळा, पेट्या भरल्यावरचा वेगळा. दोन्ही आकडे फाळक्याच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. टायर घेताना लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. वेगाच्या अक्षराची काळजी नको, 'एस' म्हणजे १८० किलोमीटर, तुमची गाडी तिथे जातच नाही.

टायर पाच घ्या. चार नव्हे. व्ही-क्रॉसचं फोर-व्हील-ड्राइव्ह मध्ये डिफरन्शियल नसलेलं आहे. फोर-व्हीलमध्ये असताना एका चाकाला लहान व्यासाची स्टेपनी लागली तर पुढची-मागची आखी एकमेकींशी भांडत राहतात आणि दोन्ही आखींना जोर वाटणारा ट्रान्सफर केस त्याची किंमत मोजतो. २६५/७० स्टेपनीच्या मूळ जागी हौद्याखाली चढते का हे एकदा प्रत्यक्ष चढवून बघा, मागच्या आखीकडे आणि बंपरकडे बोटभर तरी जागा राहिली पाहिजे. २८५ तिथे न मावण्याची शक्यता जास्त, मग ती हौद्यात येते आणि पेट्यांच्या दोन रांगा जातात. आणि माप ठरवताना देशात सहज मिळणारं ठरवा. जून २०२० पासून टायरची आयात परवान्याशिवाय होत नाही, त्यामुळे परदेशी कंपन्यांची काही मापं कधी दिसतात, कधी गायब. कुंभार्लीत कड फाटली आणि तोच टायर चार महिने मिळाला नाही, तर बाकीचे चार झिजत राहतात आणि नव्याशी त्यांची उंची जुळत नाही. दुकानदाराला हे माप गेल्या वर्षभरात किती वेळा आलं ते विचारा, आणि पाचवा त्याच दिवशी, त्याच बॅचचा उचला.